उलट्या तोंडाचा तोतया

उजाडता उजाडता मार्लिसच्या लक्षात आलं, की तोतयाचं तोंड भलतीकडे आहे.

ती ओकच्या झाडावर, जमिनीपासून अठरा फुटांवरच्या मचाणात बसली होती. समोर वीस पावलांवर, कापलेल्या मक्याच्या कडेला, खऱ्या हरणांना भुलवायला ठेवलेला प्लॅस्टिकचा नर उभा होता आणि त्याचा पार्श्वभाग तिच्याकडे होता. शिंगांचा तोतया शिकाऱ्याकडे तोंड करून ठेवायचा असतो. माजावर आलेला नर वळसा घालून त्याला समोरून भिडतो. तोतयाचं तोंड झाडाकडे असलं, की वळसा घालणाऱ्याच्या बरगड्या आपसूक झाडाकडे येतात. मादीचा तोतया असेल तर सगळं उलट. ओरिनने, तिच्या नवऱ्याने, काल दुपारी दुखऱ्या कमरेनिशी तो शेतात आणून ठेवला होता, तिला कामावरून यायला उशीर होणार म्हणून. आणि ठेवला होता मादीच्या हिशेबाने. ती मागच्या ओढ्यातून अंधारात वर चढली होती, तेव्हा दिसायचा प्रश्नच नव्हता.

उतरून तो फिरवायला दोन मिनिटं लागली असती. पण तिचा वास गवताला लागला असता, आणि वारा आत्ता कुठे स्थिर झाला होता. ती बसून राहिली. ओरिनची चूक लहान होती. ही, न उतरण्याची, मोठी होती, आणि तिची स्वतःची होती.

तोतयाचं नाव ड्वेन. त्यांच्या मुलीच्या पहिल्या नवऱ्याचं नाव. ओरिन म्हणायचा, दिसायला देखणा, कामाला शून्य, आणि कोणी ढकलल्याशिवाय जागचा हलत नाही. दुसरं काय नाव ठेवणार?

मार्लिस चीजच्या कारखान्यात दूध तपासायची. एकोणतीस वर्षं जिवाणू मोजत आलेल्या बाईला आकडा चुकलेला सहन होत नाही. गेल्या नोव्हेंबरमध्ये तिचा बाण एका नराच्या पुढच्या पायात, कोपराच्या वर लागला. रक्ताचा माग ओढ्यात संपला. तीन आठवड्यांनी गाईंना चारा घालताना ओरिनने त्याला पाहिलं. जिवंत होता. पाय सुजून खांबासारखा झाला होता, आणि लांडग्यासारखे दोन कोयोट त्याला मागच्या बाजूने खात होते. ओरिन बंदूक घेऊन पोचेपर्यंत तो ओरडत होता.

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर तिने सांगून टाकलं, की पुन्हा एक लागलेलं हरीण हातचं गेलं तर धनुष्य कायमचं खुंटीला आणि मचाण लेलंडला. लेलंड म्हणजे ओरिनचा धाकटा भाऊ. त्या ओकवर त्याचा दहा वर्षं डोळा होता.

"लिहून देतेस?" त्याने विचारलं होतं.

तिने चर्चच्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं. लेलंडने ते आपल्या घरच्या फ्रिजवर चिकटवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला कॉफीबरोबर वाचून दाखवायचा.

पावणेसातला पहिला नर आला. तीनेक वर्षांचा, आठ टोकांच्या शिंगांचा. ड्वेनला पाहिलं तसे त्याचे कान मागे चिकटले, मानेवरचे केस उभे राहिले, आणि तो ताठ पायांनी, तिरका तिरका पुढे सरकत ड्वेनच्या समोर जाऊन थांबला. म्हणजे तोंड मार्लिसकडे, आणि मध्ये ड्वेन. बाण मारावा अशी जागाच नाही. तिने धनुष्य ताणलं नाही.

नराने मान खाली घातली आणि धडक दिली. रिकाम्या पिंपावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. ड्वेन मागे ढकलला गेला, त्याचा एक पाय निखळला. दुसऱ्या धडकेला मान आणि धड यांच्या सांध्यात शिंग घुसलं आणि अडकलं. मग नराचं डोकं फिरलं. डोक्यावर ते धूड घेऊन तो गरगरा फिरू लागला, आपटू लागला, मक्याची धसकटं उडवू लागला. एका गिरकीत त्याची कूस तिच्याकडे आली. तिने ताणलं, दोरी गालाला टेकवली, सोडलं. बाण निघाला त्या क्षणी नर आणखी वीतभर फिरला होता.

तो आवाज तिला ओळखीचा होता. बरगडीवर बाण बसला की टणक आवाज होतो. हा ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा होता.

नर सुटला, ड्वेनचं मुंडकं दूर उडालं. तीस पावलं जाऊन तो थांबला, पाठीला कुबड काढून, पोट आत ओढून. मग हळूहळू ओढ्याच्या काठावरच्या झुडपाशी जाऊन बसला. दुर्बिणीतून तिला गवतात पडलेला आरपार गेलेला बाण दिसला. त्यावर रक्तापेक्षा हिरवट लगदाच जास्त होता.

पोटात लागलेल्याला आठ तास हात लावायचा नाही. उतरलं की तो उठणार, ओढा ओलांडणार, पलीकडच्या कड्याखाली जाऊन मरणार, आणि सापडणार नाही. मरायला मात्र तेवढाच वेळ घेणार. तिने घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं. म्हणजे दुपारचे तीन. दुसरा बाण दोरीला लावून ती बसली. तिच्या हातांची बोटं बधिर झाली. तो अधूनमधून मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होता, तेव्हा ती नजर काढून घेत नव्हती.

पावणेदहाला शेरीफ आला.

तालुक्यातला प्रत्येक शिकारी त्या थोराड नराला याच नावाने ओळखत होता. लेलंडकडे त्याचे झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले चाळीस फोटो होते आणि तीन वर्षांत एकही संधी नव्हती. मान बैलासारखी, शिंगं कानांच्या कितीतरी बाहेर. त्याने मोडक्या ड्वेनचा वास घेतला, त्याच्यावर मुतला, आणि वर मान करून झुडपाकडे पाहिलं. बसलेला, अशक्त, रक्ताचा वास येणारा नर. तो सरळ तिकडे गेला.

पहिल्या धडकेला जखमी नर उठला. दुसरी त्याच्या मांडीत गेली. तो ओढ्याकडे वळायला गेला तर शेरीफ आडवा आला, आणि त्याने त्याला शिंगांवर घेत, ढकलत, लोळवत मोकळ्यात आणलं, पुढे आणलं, अगदी ओकच्या खाली. तो पडला. शेरीफने त्याच्या पोटात शिंगं खुपसली आणि मान झटकली. आतडं शिंगाला लोंबत वर आलं. खालचा नर वासरासारखा ओरडला. शेरीफ मागे सरला, पुन्हा आला.

मार्लिसने धनुष्य ताणलं होतं. बारा पावलांवर शेरीफ आडवा उभा होता, बेभान, पुढचा पाय पुढे, काळजाची जागा उघडी. मोसमाला एक नर. तिचा परवाना अजून कोरा होता. खाली पडलेला तर तसाही मरणारच होता. परवान्यावर शेरीफची नोंद झाली असती आणि कोणी एक शब्द विचारला नसता.

खालचा ओरडायचा थांबत नव्हता.

तिने शेरीफच्या खांद्यावरून टोक सरकवलं. आता मध्ये शिंगं, आता मान, आता धूळ. शेरीफ पुढच्या धडकेसाठी दोन पावलं मागे गेला आणि पडलेल्याचा खांदा दिसला. बाण वरून खाली, बरगड्यांतून फुप्फुसात शिरला. नराच्या नाकातून गुलाबी फेस आला. पाच श्वास तिने मोजले. सहावा नव्हता.

शेरीफला त्याचं काही नव्हतं. तो मेलेल्याला भोसकतच राहिला. पोट, मांडी, पुन्हा पोट. तिसरा बाण होता, पण परवाना आता वापरला गेला होता.

"पुरे," ती वरून म्हणाली. मोठ्याने नाही.

शेरीफ थांबला. त्याने वर पाहिलं. शिंगांवरून रक्त त्याच्या डोळ्यात गळत होतं. मग तो चालत निघून गेला, पळत नाही.

फोन केल्यावर दोघे भाऊ गाडी घेऊन आले. लेलंड प्रेताभोवती एक फेरी मारून उकिडवा बसला.

"पोटाचं भरीत झालंय," तो म्हणाला. "फुप्फुसात एकदम मस्त मारलायस की. एकाच बाणात?"

ओरिनने बायकोकडे पाहिलं. एवढ्या चिंधड्यांतून पहिली जखम कोणालाच शोधता आली नसती. मार्लिस झुडपाच्या दिशेने गेली, गवतातला बाण न पुसता उचलून आणला आणि लेलंडच्या हातात दिला. त्याने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पहिला पोटात," ती म्हणाली. "अडीच तास बसला होता तिकडे. शेरीफने इथवर आणला नसता, तर उठून ओढ्यापलीकडे गेला असता की नाही, मला माहीत नाही."

"शेरीफ?" लेलंड उठला. त्याने जमिनीवरचे खुरांचे रुंद ठसे आत्ता पाहिले. "किती लांब होता?"

"बारा पावलं. आडवा."

"आणि तू ह्याला मारलंस?"

"ह्याला माझा बाण लागलेला होता."

लेलंडने टोपी काढून डोकं खाजवलं. ठशांच्या रांगेमागे तो चार पावलं गेला आणि परत आला. त्याला रडू येतंय की हसू, ते ओरिनलाही कळेना.

"म्हणजे ते पत्रक आता काढावं लागणार फ्रिजवरून," तो शेवटी म्हणाला.

"राहू दे. बाण वाईटच होता. पुढच्या वर्षीही मला ते लागेल."

तिने परवान्यावर तारीख घातली, शिंगाला बांधला, आणि सुरी काढून गुडघ्यावर बसली. बराच भाग टाकून द्यावा लागणार होता. आतडी फुटून मांडीपर्यंत घाण गेली होती. मान आणि पाठ तेवढी निघाली असती. ती कापत गेली. तिच्यामागे ओरिन ड्वेनचे तुकडे गोळा करत होता. धड उभं करून त्याने त्यावर मुंडकं बसवून पाहिलं, मग एकदा झाडाकडे पाहिलं आणि एकदा मुंडक्याकडे.

"मीच उलटा ठेवला होता का गं?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण मी वरून पाहिलं होतं. हा पाय जरा धर."