अडीच अंकांवर अडलेला धाकटा

मी एक संगीत नाटक बोलतोय. वय सहा वर्षं, अंक अडीच. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, निळ्या फायलीत माझा मुक्काम. वरच्या कप्प्यात माझा थोरला भाऊ राहतो आणि त्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

थोरला म्हणजे या घरातल्या नाटककार ताईंनी लिहिलेलं राजकीय नाटक. त्यात गाणंबिणं काही नाही. लोक एका सत्ताधीशाला खुर्चीवरून खाली ओढतात, एवढीच गोष्ट. पण त्याचे प्रयोगांवर प्रयोग होतात. त्याची पानं मळलीत, कोपरे दुमडलेत, समासात नटांच्या खुणा आहेत. मी मात्र कोरा करकरीत. कोणी ढुंकून बघत नसलं, की हा कोरेपणाही टोचतो.

थोरल्यावरून मला रचलं ते ताईंच्या धाकट्या भावाने. तो संगीतकार. माझे पहिले दोन अंक झरझर झाले, पण पठ्ठ्याने एक घोळ घातला. सगळ्यात गोड चाल त्याने नेमकी सत्ताधीशाच्या गाण्याला लावली. तालमीत सेट ठोकणारे सुतार तेच गाणं गुणगुणत खिळे मारू लागले. ताईंनी ते ऐकलं आणि तालीमच थांबवली.

"अरे, ज्याला लोकांनी हाकलायचं, त्याचंच गाणं लोकांच्या तोंडी बसवलंस?"

"ताई, शेवटी लोकांचं गाणं येतंय ना! ते याला खाऊन टाकेल."

"मग ते आधी ऐकव. तोवर प्रयोग नाही."

लोकांच्या त्या गाण्याला त्याने अकरा चाली लावून पाहिल्या. एकही सुतारांच्या तोंडी बसली नाही. मी तिथेच अडलो. आणि वरचा कप्पा सदा रिकामा, कारण थोरले साहेब दौऱ्यावर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

काल संगीतकार थोरल्याचा प्रयोग बघून आला. आज सकाळी ताईंच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "ताई, तुझ्या शेवटच्या प्रवेशात लोक काहीच बोलत नाहीत. नुसते उभे राहतात आणि सत्ताधीशाचं अवसान गळतं. माझ्या नाटकातही तो त्याचं ते गोड गाणं सुरू करेल, पण साथ कोणीच देणार नाही. घेऊ का तुझा शेवट?"

ताई हसल्या. "घे की. लहानपणी माझे स्वेटर घालून शाळेत जायचास, तेव्हा कुठे विचारलंस?"

म्हणजे माझा शेवटही थोरल्याच्या अंगावरून उतरलेला! सहा वर्षं ज्याच्यावर जळलो, त्याच्यापुढेच हात पसरायचा?

संगीतकाराने माझी फाईल उघडली आहे. अर्ध्या अंकावर पेन्सिल टेकवून तो थांबलाय. मागताना लाजला नाही, लिहिताना कचरतोय. बाबा रे, माझ्या मानापमानाचा विचार करू नकोस. जळायची मला सवय आहे, कपाटात पडून राहायची काही केल्या होत नाही. लिही.