इंजिनाचा ढेकर

त्याने रेडिएटरच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसवलं, व्हॅक्यूमच्या यंत्राची नळी त्याला जोडली आणि कॉम्प्रेसरची हवा सोडली. सूंऽऽ करत यंत्र आतली हवा ओढू लागलं. गाडीचे रबरी पाइप चपटे पडत गेले आणि डायलवरचा काटा थरथरत वर चढला.

"अहो भाऊजी, फुटतील ना ते!" गॅरेजच्या दाराशी उभी असलेली वहिनी पुढे आली.

"नाही फुटत. आतली सगळी हवा काढून घेतोय. मग कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आपोआप ओढलं जातं."

"आणि आता?"

"आता नळी बंद करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. काटा खाली घसरला तर कुठेतरी गळती आहे. जागेवर राहिला तर गाडी ठणठणीत."

त्याने नळी बंद केली. तोंडाने ठणठणीत म्हणाला खरा, पण मनातून बिचारा गळतीच मागत होता. मेकॅनिक असून! एवढीशी गळू दे, सुईच्या टोकाएवढी, पण गळू दे.

गाडी दादाची, त्याच्या थोरल्या भावाची. दहा महिने गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती, तिला हात लावायची कोणाची छाती झाली नव्हती. आता वहिनीला शेजारच्या गावात नोकरी लागली होती. ती गाडी चालवायला शिकली आणि आज थेट किल्ली घेऊन आली.

दहा महिन्यांपूर्वी याच जागी त्याने हा रेडिएटर धुतला होता. तेव्हा यंत्र नव्हतं. डब्याने कूलंट ओतायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि आतल्या हवेचे बुडबुडे संपेपर्यंत अर्धा तास मुकाट्याने उभं राहायचं. हवा आत अडकून राहिली तर इंजिन तापतं. दादा दर वेळी चिडवायचा, "बाळाचं दूध पिऊन झालं, आता ढेकर काढायचा का?" त्या दिवशी मात्र त्याला घाई होती. "राहू दे रे, वाटेत देईल ढेकर." यालाही दुसरी गाडी आवरायची होती. तो हसला आणि त्याने झाकण लावून टाकलं.

दुपारी फोन आला. इंजिन तापलं म्हणून दादा रस्त्याच्या कडेला थांबला होता, बॉनेट उघडून रस्त्याच्या बाजूने वाकला होता. मागून आलेला ट्रक त्याला उडवून गेला. गाडीला साधा ओरखडाही नव्हता.

जुनी गाडी, गळाली असेल, असं सगळे म्हणाले. त्याने तसंच समजू दिलं. पुढच्याच महिन्यात त्याने हे यंत्र आणलं आणि येईल त्या गाडीला लावलं. फक्त या एका गाडीला नाही.

वहिनी गाडीत बसून स्टेअरिंगवरची धूळ रुमालाने पुसत होती.

"कालसुद्धा भांडले मी त्यांच्या फोटोशी," ती म्हणाली. "गाडी गळतेय हे माणसाला कळू नये? इतकी कसली हेळसांड? दहा महिने नुसता राग राग करतेय मी त्यांचा."

त्याने डायलच्या काचेवर नखाने टकटक केलं. काटा ढिम्म. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. त्याने सगळे जोड पुन्हा चाचपले, पाइपांवरून बोट फिरवलं.

"अजून नाही का झालं?"

"झालं."

"हलला नाही ना?"

"नाही."

"चांगलंच की मग!" ती खुलली, आणि लगेच तिचा हात स्टेअरिंगवर थांबला. "पण भाऊजी, मग तेव्हा गळाली कुठून?"

त्याला अजूनही काहीतरी सांगता आलं असतं. रबर सुकून चिकटतं, गळती आपोआप बुजते, असं काहीही. वहिनीला कुठे कळणार होतं?

"गळाली नव्हतीच, वहिनी," तो म्हणाला. "ढेकर राहिला होता."

वहिनीला तो विनोद ठाऊक होता. दादा घरी जेवताना रंगवून सांगायचा. तिने रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तेच म्हणाले असतील ना, राहू दे म्हणून?"

"मी ऐकायला नको होतं."

ती गाडीतून उतरून दाराशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी.

त्याने कूलंटची नळी उघडली. हिरवं पाणी सरसर आत गेलं, चपटे पाइप फुगून गोल झाले आणि दोन मिनिटांत रेडिएटर काठोकाठ भरला. एकही बुडबुडा आला नाही.