आत असलेल्यांची यादी

"जागा आहे मी. झोप तू."

ताप चढलेल्या एका दुपारी पडद्याच्या पलीकडून आलेला दादाचा आवाज. धाकटी तेव्हा सात वर्षांची, दादा चौदाचा. आई कामावर गेलेली, घरात दोघंच. डोळा लागतोय असं वाटलं की ती दचकून हाक मारायची, "दादा?" आणि पलीकडून तेच शब्द यायचे. ना एक कमी, ना एक जास्त, ना त्यात कंटाळा. त्या शब्दांवर डोकं टेकून तिनं अख्खा ताप काढला.

पुढे दादा एका रुग्णालयात सर्व्हर सांभाळायला लागला, आणि काही वर्षांनी त्याच खोलीत, त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर, धाकटी. चौथ्या मजल्यावर गार वाऱ्याची खोली, सहा सर्व्हर, दोन खुर्च्या. साऱ्या इमारतीत दोघांची खरी नावं कुणी घेतली नाहीत. दादा म्हणजे दादा, धाकटी म्हणजे धाकटी.

आठ महिन्यांपूर्वी दादा छाती चोळत खुर्चीतून उठला, "खाली डॉक्टरांना दाखवून येतो गं," म्हणाला, तीन मजले उतरला, आणि पुन्हा वर आला नाही.

पंधरा दिवसांनी धाकटी कामावर आली. रडली नव्हती. लोक म्हणाले, खंबीर आहे पोरगी. खंबीर कसली! हातावर झोपलं की हात जसा मुंग्या येऊन परका होतो, तशी ती सगळीच्या सगळी परकी झाली होती. जेवण जेवत होती, चव सांगता आली नसती.

नियमाप्रमाणे तिनं दादाचं खातं बंद केलं. पण खातं बंद केलं की फक्त नव्यानं आत यायचं दार मिटतं. जो आधीच आत बसलाय त्याला यंत्र उठवत नाही. आणि दादा खाली जाताना सर्वांत जुन्या सर्व्हरवर, ज्याला तो 'म्हातारा' म्हणायचा, तसाच लॉगिन ठेवून गेला होता. आत कोण कोण आहे असं विचारलं की यंत्र यादी देतं. यादीच्या पहिल्या ओळीत दादाचं नाव होतं, पुढे त्या दिवसाची तारीख, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. धाकटी रोज आल्या आल्या यादी मागवायची. यंत्र रोज सांगायचं, आहे. तिला बरं वाटायचं म्हणावं तर तसंही नाही. पण मागवल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लागत नसे.

गेल्या महिन्यात सूचना आली. सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतात, तिच्यातच एक भोक सापडलं होतं. ज्याला आपल्या खिडकीपुरतीच मुभा, असा साधा माणूससुद्धा त्या भोकातून वर चढून रूट होऊ शकत होता. रूट म्हणजे यंत्राचा धनी. कुठलंही कपाट उघडावं, कुणाचेही कागद न्यावेत, विचारणारा कुणी नाही. भोक बुजवायचा पॅच सूचनेसोबतच आला. लावायला दहा मिनिटं. पण नुसता लावून भागत नाही. यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू केलं तरच नवं लागू होतं. तोवर जुनंच चालत राहतं, भोकासकट.

चार तारखेला तिनं सहाही सर्व्हरांवर पॅच लावला. पाच बंद करून सुरू केले. सहाव्याशी, म्हाताऱ्याशी, बोट थांबलं. बंद केला की आतले सगळे बाहेर. उद्या करू, ती मनात म्हणाली. पण कोणते सर्व्हर झाले त्याचा तक्ता साहेबांना आजच द्यायचा होता. 'पुन्हा सुरू केला' या रकान्यात सहा खुणा हव्या होत्या. तिनं सहा केल्या.

मग उद्या आला, आणि त्यानंतरचा उद्या. रोज यादी मागवली, रोज दादा आत होता.

नऊ तारखेला नोंदणीच्या खिडकीवरच्या अण्णांच्या खात्यातून कुणीतरी म्हाताऱ्यात शिरलं, रूट झालं आणि नऊ हजार रुग्णांचे तपासणी-अहवाल घेऊन पसार झालं.

अण्णांना निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. रुग्णालयाच्या नावानं आलेल्या एका खोट्या ईमेलला भुलून त्यांनी आपला पासवर्ड भरून दिला होता, आणि हे त्यांनी स्वतःहून सांगितलंही. पण साहेबांचा हिशेब सरळ होता. पासवर्ड गेला असेल, मान्य. पण साध्या खात्यानं रूट होणार कसं? भोक तर चार तारखेलाच बुजवलंय, धाकटीचा तक्ता समोर आहे. म्हणजे अण्णांनी रूटचा पासवर्ड कुठून तरी मिळवला आणि बाहेर विकला. आज अकरा वाजता अण्णांना कामावरून काढायचं आणि कागद पोलिसांकडे द्यायचे, असं ठरलं. बाहेरचा तज्ज्ञ बोलावू या का, असं कुणीतरी विचारलं, तर साहेब म्हणाले, "कशाला? धाकटी आहे की."

दहा वाजता अण्णा चौथ्या मजल्यावर आले. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, जणू कुणाच्या लग्नाला निघालेत.

"धाकटे, आहेस का गं? पाच मिनिटं देतेस?"

"या ना, अण्णा."

दादाची खुर्ची रिकामी होती, पण अण्णा उभेच राहिले. "मला एवढंच समजावून सांग, मी केलं तरी काय? आत विचारतील. निदान आपण काय केलं ते तरी माणसाला ठाऊक नको?"

"तुम्ही रूट झालात, असं म्हणतायत."

"म्हणजे काय?"

"यंत्राचे धनी."

"मी?" अण्णा हसले. "अगं, घरी टीव्हीचा रिमोट माझ्या हाती देत नाहीत! एका बोटानं टाईप करणारा माणूस मी. लोक रांगेत म्हणतात, आजोबा, तुमचं होईपर्यंत आम्ही बरे होऊन घरी जाऊ." हसू अर्ध्यावरच सरलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड न पुसताच परत ठेवला. "साहेब म्हणाले, धाकटीच्या हातचा तक्ता, त्यात खोट निघायची नाही. मी म्हटलं, ते खरंच आहे. मग चूक माझीच असणार. कुठे झाली तेवढं कळत नाही बघ."

तिनं "हं" म्हटलं. 

"चल, जातो. जरा लवकर जाऊन बसतो. उशीर नको, आधीच नाव खराब झालंय."

अण्णांच्या चपलांचा आवाज जिन्यावर विरेपर्यंत ती ऐकत राहिली.

मग ती म्हाताऱ्यासमोर जाऊन बसली. चोरीनंतर त्याची बाहेरची जोडणी तोडली होती. तो नुसता आपल्याशी घरघरत होता. बारा वाजता त्याला पुन्हा जोडायचं होतं, खाली रुग्णांची रांग खोळंबली होती. भोक उघडं ठेवून जोडणं शक्य नव्हतं, म्हणजे बंद करून सुरू करणं आता चुकणार नव्हतं. आणि एकदा ते झालं की तक्ता खरा दिसणार होता. कुणी यंत्रातल्या जुन्या नोंदी खणून पाहिल्या तर खोटं सापडलं असतं. पण या इमारतीत खणणारी तीच होती.

तिनं यंत्राला विचारलं, किती दिवस सलग चालू आहेस? नऊशे बारा. आत कोण आहे? पहिल्या ओळीत दादा, दुसरीत ती. तिनं दोन्ही उत्तरं एका कागदावर छापून घेतली. प्रिंटरनं कागद सावकाश बाहेर ढकलला, जरासा कोमट.

मग तिनं पुन्हा सुरू करायची आज्ञा लिहिली आणि कळ दाबली. हात परका होता, म्हणून सोपं गेलं. म्हाताऱ्याच्या पंख्यांची घरघर मंदावली, थांबली. बाकीचे पाच चालू होते, तरी म्हाताऱ्याची जागा अशी गप्प तिनं कधी ऐकली नव्हती. मग पंखे पुन्हा फिरू लागले, पडद्यावर अक्षरं पळू लागली. चार मिनिटांनी तिनं यादी मागवली. एकच ओळ आली, तिच्या नावाची.

आता काहीतरी होईल म्हणून ती वाट पाहत बसली. काही झालं नाही. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकलं. तिनं कागदाची घडी घातली आणि जिना उतरली.

साहेबांच्या खोलीत साहेब होते, कर्मचारी विभागाच्या बाई होत्या, आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर गुडघे जुळवून अण्णा. बाईंनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. "तुमचाच ना हा? खरा आहे म्हणून खाली सही करा, की झालं."

पेन पुढे आलं. तिनं ते घेतलं नाही. घडी उलगडून कागद तक्त्यावर ठेवला.

"तक्ता खोटा आहे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "सहावा सर्व्हर मी पुन्हा सुरू केलाच नव्हता. नऊशे बारा दिवस तो सलग चालू होता, हे बघा. म्हणजे नऊ तारखेला भोक उघडं होतं. अण्णांचा पासवर्ड कुणीतरी फसवून घेतला, आणि त्याला वर चढायला जागा मी ठेवली. अण्णांनी काही विकलेलं नाही."

अण्णा उठायला गेले आणि तसेच खाली बसले. "अगं, काय बोलतेस तू?"

साहेबांनी कागद उचलला, पाहिला, खाली ठेवला. "दहा मिनिटांचं काम! तुमच्यासारखीनं? राहून गेलं, की मुद्दाम केलं नाहीत?"

"मुद्दाम."

"अहो, पण का?"

कागदावरच्या पहिल्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. बोटाला कागद गार लागला. बोट तिचंच होतं.

"दादा आत होता," ती म्हणाली. "बंद केला असता तर तो बाहेर पडला असता. मला ते करायचं नव्हतं. आज साडेदहाला केलं." तिनं ओळीवरून बोट उचललं. "दादा गेला, साहेब. माझा दादा गेला."