गव्हाची कळशी

शालिग्राम मास्तरांनी तांब्याची कळशी उचलून पुन्हा पाटावर आपटली. गहू किंचित खाली बसले. मास्तरांनी वर ओंजळ ओतली आणि कळशी पुन्हा उचलली.

"आता पुरे करा ना हो," त्यांच्या पत्नी विमलबाई म्हणाल्या. "पोरीची पाठवणी हाये, कापसाचा बोजा दाबून नाही राह्यले!"

"धक्क्याने दाणे फटींत घसरतात. आधी पुष्कळ, मग थोडे, मग त्याहून थोडे. घसरायचे मात्र थांबत नाहीत."

नागपुरात पदार्थविज्ञान शिकलेल्या मास्तरांना शकुनांचे भय नव्हते. शकुन मानणाऱ्यांचे होते. पोर जळगाव जामोदच्या ज्या भावकीत जात होती तिची रीत अशी, की सासरच्या जोडीपैकी एक कळशी नवरीच्या माहेरी धाडायची, ती गव्हाने काठोकाठ भरून यायची आणि तिच्यावरचे फडके सासूने उंबऱ्यावर सोडायचे. मास्तरांची बहीण तानुबाई त्याच भावकीत दिली होती. तिची कळशी भरूनच निघाली; बैलगाडीतून पोचेतो दोन बोटे खाली गेली. तानुबाईला पुढे कोणी नावाने हाक मारली नाही. सरणावर चढेपर्यंत ती 'उणी'च राहिली.

वडनेर भोलजीहून बैलांची दमणी निघाली. चाक चाकोरीत आदळले की मास्तर फडक्यावरून दाणे चाचपत.

"बाबा," कळशी मांडीवर घेतलेली सुलभा म्हणाली, "घरून निघाल्यापासून कळशीकडेच पाहून राह्यले तुम्ही. माह्याकडे एकदाही नाही."

मास्तरांना ते ऐकूच गेले नाही.

उंबऱ्यावर सुलभाच्या सासूने, गोजरबाईंनी, फडके सोडले. दाणे काठाला टेकलेले होते. मास्तरांनी श्वास सोडला. आता सासूने त्यातली मूठ सुनेच्या ओटीत घालायची. गोजरबाईंची बोटे पहिल्या पेरापाशीच अडली.

"इवाईबुवा, गहू देल्ले का गोटा? देल्लेलं काढताही येऊ नये काय?"

बाया हसल्या. "सून गच्च मुठीची दिसते," मागून कोणी कुजबुजली. नवे नाव तयार होत होते.

"आत्याबाई," सुलभा खालमानेने सासूला म्हणाली, "जोडीची कळशी आणता?"

रिकामी कळशी आली. सुलभाने आपली तिच्यावर कलती करून हलवली. गहू सुटून धारेने पडू लागले. दुसरी कळशी भरली, वर शीग चढली, दाणे उंबऱ्यावर ओघळले. पहिलीत तरीही गहू उरले होते.

"बाई, बाई!" गोजरबाईंनी सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बरकत घेऊन आली वो माही सून!"

सुटे झालेले दाणे जास्त जागा घेतात, हे वाक्य मास्तरांच्या अगदी ओठांवर आले. त्यांनी सुलभाकडे पाहिले. तीही त्यांच्याकडेच पाहत होती.

मास्तर खाली वाकले आणि सांडलेले गहू वेचू लागले.