एकेचाळीस नंबरची चावी

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. शेवटी जे निघालं ते निघालं. पण मोटारीच्या हुकाला कुलूप लावायची कल्पना ज्या माणसाने काढली त्याला आधी पुढे उभा करा, मग माझ्याकडे वळा.

हूक म्हणजे बंपरखालून बाहेर येणारा वाकडा लोखंडी दांडा, टोकाला मोठ्या लिंबाएवढा गोळा. त्या गोळ्यावर कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं सुट्टीचं घर, अडकवायची आणि निघायचं. माझ्या वडिलांच्या गाडीचा हूक कायमचा जोडलेला होता. त्याने गल्लीतल्या प्रत्येकाची नडगी एकदा तरी फोडली, पण चावी कधी मागितली नाही. आता सुधारणा झाली. आता हूक काढता येतो, फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवता येतो, आणि त्याच्या बुडाशी एक कुलूप असतं. चावी फिरवल्याशिवाय हूक खाचेत बसतच नाही. का, तर चोरीला जाऊ नये म्हणून. आमच्या द्रेंथ प्रांतात सायकली चोरीला जातात, कोंबड्या जातात, एकदा चर्चच्या छपराचं शिसं गेलं. हूक चोरणारा चोर मी अजून पाहिलेला नाही.

मे महिन्यातल्या एका सोमवारी मी डिकी उघडली, फडकं सोडलं, हूक होता. चावी नव्हती.

"रूल्फीन! हुकाची चावी कुठे ठेवलीस?"

"मी कशाला ठेवू?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "दर ऑक्टोबरात तूच ठेवतोस. सुरक्षित जागी."

"हो, पण कुठल्या?"

"ते तू कधी सांगत नाहीस. सांगितलं तर सुरक्षित राहणार नाही म्हणतोस."

हे खरं होतं. मी बेचाळीस वर्षं पाणी-मंडळाच्या कचेरीत नकाशे सांभाळले. वस्तू जागेवर ठेवण्यावर माझी श्रद्धा आहे. हुकाच्या दोन चाव्या मिळतात. लोक एक इथे ठेवतात, एक तिथे, आणि मग दोन्ही हरवतात. मी दोन्ही एकाच कडीत ठेवतो, म्हणजे ताटातूट नको. चावीचा नंबर लिहिलेली चिठ्ठीही त्याच कडीला बांधतो. अशी व्यवस्था पंचक्रोशीत कुणाची नसेल.

आता ही अख्खी व्यवस्थाच गायब होती, आणि शनिवार पाच दिवसांवर.

शनिवारचं असं आहे. तळ्याकाठच्या कॅम्पिंगवर एकेचाळीस नंबरची जागा एकतीस वर्षं आमची आहे. मागे चेस्टनटचं झाड, पुढे पाणी, आणि सकाळचं ऊन बरोबर रूल्फीनच्या खुर्चीवर. तिच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती हिवाळाभर त्या खुर्चीच्या गोष्टी करते. पण कॅम्पिंग चालवणाऱ्या तेन काटेबाईंचा नियम आहे: ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीआधीच्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत कॅरॅव्हॅन जागेवर उभी पाहिजे. नसेल तर जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला. तेन काटेबाईंनी हा नियम स्वतःच्या बहिणीलाही लावला होता. त्या बहिणीशी आता बोलत नाहीत, पण नियम शाबूत आहे.

यादीतला पहिला माणूस म्हणजे वीबे. वीबे अकरा वर्षं सदुसष्ट नंबरवर काढतोय. सदुसष्ट नंबर संडासांना लागून आहे. वीबे दर उन्हाळ्यात आमच्याकडे कॉफीला येतो, खुर्चीत बसतो, पाण्याकडे पाहतो आणि म्हणतो, "तुझी तब्येत काय म्हणते, लॅमर्ट?" इतक्या आपुलकीने माझ्या डॉक्टरनेही कधी विचारलं नाही.

मंगळवारी मी हूक घेऊन आसेन शहरातल्या एका गॅरेजात गेलो. काउंटरमागे केस मागे बांधलेला एक तरुण होता.

"चावीचा नंबर सांगा, साहेब. मागवून देतो."

"नंबर चावीवर आहे."

"मग चावी दाखवा."

"चावी हरवली म्हणून तर आलोय!"

"चिठ्ठीवर लिहून ठेवतात लोक."

"मीही ठेवलाय. चिठ्ठी चावीला बांधली आहे."

मग मान खाली घालून त्याने हूक उलटा केला. "कुलपावरही कोरलेला असतो. हा बघा... पण गंज चढलाय. हा एक आहे की सात?"

"तुमच्या कंपनीने कोरलाय, तुम्ही सांगा!"

"कंपनी आमची नाही. आम्ही फक्त विकतो." हे वाक्य आमच्या देशाच्या झेंड्यावर छापायला हरकत नाही. "दोन्ही नंबरांच्या चाव्या मागवू. सुट्टी आली ना मध्ये, म्हणजे साधारण तीन आठवडे."

"मला शनिवारी पाहिजे."

"मग नवीन हूक घ्या. तो दोन आठवड्यांत येतो."

बुधवारी मी घर उलथंपालथं केलं. गुरुवारी शेजारच्या तीमेनला जाब विचारला, कारण शरद ऋतूत त्याने माझी गाडी नेली होती. तो म्हणाला, "मी गाडीची चावी परत दिली तेव्हा तू ती तीनदा मोजलीस." शुक्रवारी मी निष्कर्षावर आलो.

"कुणीतरी आवरलंय," मी जेवताना म्हणालो.

रूल्फीनने बटाटा कुस्करायचं थांबवलं. "कुणीतरी म्हणजे?"

"या घरात आवरतं कोण?"

"गॅरेजची वरची फळी तू रिकामी केलीस. राजाच्या वाढदिवसाला."

"मी अडगळ काढली. चाव्या म्हणजे अडगळ नव्हे."

राजाच्या वाढदिवशी आमचा अख्खा देश घरातली अडगळ रस्त्यावर चादर पसरून विकतो आणि दुसऱ्यांची अडगळ घेऊन घरी येतो. मीही बसलो होतो, नारिंगी टोपी घालून. सोळा वस्तू विकल्या. त्यातलं एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं नव्हतं, यावरून माझा व्यवहार किती चोख होता ते कळावं.

रूल्फीनने बटाटा पुन्हा कुस्करायला घेतला. जरुरीपेक्षा जास्त बारीक.

शनिवारी दुपारी आम्ही बेरेंडच्या कोठाराकडे निघालो. हिवाळाभर सगळ्यांच्या कॅरॅव्हॅन बेरेंड शेतकऱ्याच्या कोठारात दाटीवाटीने उभ्या असतात, एकीला एक चिकटून. शेवटी आत गेलेली पहिली बाहेर येते. ऑक्टोबरात सगळ्यात उशिरा परतणारा मी, म्हणून माझी दाराशी होती. तिच्यामागे सतरा. अंगणात सतरा गाड्या, सतरा हूक, आणि सगळे माझ्याकडे बघत उभे.

"जोड की लॅमर्ट," बेरेंड म्हणाला. "माझ्या गाई वाट बघणार नाहीत."

मी परिस्थिती सांगितली. बेरेंडने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, कुलपात घातला, तेल सोडलं, मग हातोडा मागितला.

"हातोडा नाही!" मी ओरडलो. "हे नाजूक यंत्र आहे."

"नाजूक होतं," बेरेंड म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हरचं तुटलेलं टोक मला दिलं.

मग सगळ्यांनी माझी कॅरॅव्हॅन हाताने ढकलून बाजूला केली. अकरा माणसं ढकलत होती आणि अकराही जण दिशा सांगत होते. ती गोठ्याच्या भिंतीशी जाऊन थांबली, आणि एकेकाची कॅरॅव्हॅन बाहेर येऊ लागली. वीबेची चौथी आली. त्याने ती जोडली, दिवे तपासले, पण निघाला नाही. घड्याळ बघितलं.

"अडीच वाजले," तो मला सहज म्हणाला. "इथून तळं चाळीस किलोमीटर."

"माहीत आहे मला."

"नाही, आपलं म्हटलं. ट्रॅक्टरने नेता येईल का?"

"पाचला मला गाईंचं दूध काढायचं असतं," बेरेंड म्हणाला.

"मग कठीण आहे," वीबे म्हणाला, आणि इतका कष्टी चेहरा केला की मला त्याला मारावंसं वाटलं.

बाकीच्यांना कोठारातली रांग सोडता येत नव्हती; दोन खेपांना वेळ असलेला अंगणात एकच माणूस होता. तो वीबे. माझी कॅरॅव्हॅन तळ्यावर सोडून, परत येऊन स्वतःची नेली असती तरी त्याला सहा वाजले नसते. पण मी त्याला विचारणार नव्हतो. वीबेकडून एकेचाळीस नंबर वाचवून घ्यायचा म्हणजे लांडग्याकडून कोकरू राखून घेण्यासारखं. तो बोलला तर बोलला, नाहीतर मीही बोलणार नाही.

बाकीचे कॉफीचे थर्मास घेऊन जमले. माझा आठवडाभराचा संताप बाहेर पडला.

"मला सांगा, दोन चाव्या, एक कडी, एक चिठ्ठी! याहून जास्त काळजी माणूस काय घेणार? पण घरात आवरणारं माणूस असलं की काही टिकत नाही. कुठल्या तरी खणात कोंबलं असणार, नाहीतर केराच्या टोपलीत. बेचाळीस वर्षं मी एक नकाशा हरवला नाही!"

सगळ्यांनी रूल्फीनकडे पाहिलं. ती काठीवर रेलून गोठ्याच्या कठड्यावर बसली होती. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली की माणूस वेळ बघून बोलतो.

तेवढ्यात वीबेची बायको गेसिना बिस्किटांचा डबा घेऊन फिरू लागली. आमच्याकडे कॉफीबरोबर बिस्किट एक. डबा उघडतो, फिरतो, मिटतो. दुसऱ्यांदा उघडला तर समजावं, घरात कुणीतरी गेलंय. डबा माझ्यासमोर आला. मी बिस्किट उचललं. गेसिनाने झाकण लावलं, आणि झाकणावरच्या चित्रातली जुनी राणी माझ्याकडे बघून हसली. राणीच्या डाव्या गालावर पोचा होता. तो पोचा मी पाडला होता, गॅरेजमध्ये, शिडीवरून, सात वर्षांपूर्वी.

"हा डबा..." मी म्हणालो.

"छान आहे ना?" गेसिना खूष झाली. "राणीचे डबे मी जमवते. हा वीबेने तुझ्याकडूनच घेतला की, राजाच्या वाढदिवसाला! तू दोन युरो म्हणालास, वीबे एक."

"आणि मी म्हणालो," वीबे शांतपणे म्हणाला, "आत काहीतरी खुळखुळतंय."

अंगणात गाईंचा रवंथ ऐकू येत होता.

"मग हा काय म्हणाला?" बेरेंडने विचारलं.

"म्हणाला, दोन युरो दे आणि खुळखुळ फुकट समज. मी म्हटलं एक. मग म्हणाला बरं, एक, पण खुळखुळीसकट घेऊन जा, मला परत नको."

बेरेंड पाठ फिरवून गोठ्यात गेला. आतून त्याच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

"कुठे आहेत?" मी ओरडलो. "फेकल्या?"

"फेकते कशाला?" गेसिना दुखावली. "धडधाकट चाव्या. शेडमध्ये खिळ्याला टांगल्यात."

"आणि तू!" मी वीबेकडे वळलो. "तासभर इथे उभा आहेस! मी चावी-चावी म्हणून गळा काढतोय!"

"माझा हूक गाडीला कायमचा जोडलेला आहे, लॅमर्ट. हुकाला चावी असते हेच मला आज कळलं. आणि तू तर म्हणालास, रूल्फीनने केरात टाकल्या."

"मग जा आणि घेऊन ये!"

वीबेने कॅरॅव्हॅनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "नाही म्हणत नाही मी. जाऊन येऊन पाऊण तास, वर कॅरॅव्हॅन सोडायची, परत जोडायची. फक्त एक आहे, डबा मी खुळखुळीसकट घेतलाय. तुझ्याच शब्दाने."

"म्हणजे माझ्या चाव्या तुझ्या?"

"माझ्या म्हणजे... तू परत नको म्हणालास."

मी तोंड उघडलं. कायदा, शेजारधर्म, अकरा वर्षांची कॉफी, सगळं एकदम बाहेर येऊ पाहत होतं. तेवढ्यात काठी जमिनीवर आपटली. रूल्फीन उठली होती.

"वीबे," ती म्हणाली, "एकेचाळीस नंबरच्या करारावर सही कुणाची आहे, ठाऊक आहे?"

"लॅमर्टची असेल."

"माझी. त्या दिवशी हा कुत्र्याला घेऊन तळ्यावर गेला होता. ऑगस्टमधले तीन आठवडे एकेचाळीस नंबर तुझा. आम्ही सदुसष्टवर राहू. आता चाव्या आण."

"रूल्फीन!" मी म्हणालो. "संडासापाशी? ऑगस्टात? आणि तुझी खुर्ची?"

"माझी खुर्ची मी एकेचाळीसवरच ठेवणार आहे. वीबे, चालेल ना?"

"आनंदाने!" वीबे म्हणाला. त्याची गाडी फाटकाबाहेर पडलेली मी पाहिली. अकरा वर्षांत तो इतक्या वेगाने कुठे गेला नव्हता.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू सदुसष्टवर. आवरून ठेव तिथे."

साडेचारला चाव्या आल्या. कडी तीच, चिठ्ठी तीच. माझी व्यवस्था शेवटपर्यंत अभंग राहिली होती, याची नोंद कुणीही घेतली नाही. चावी फिरली, हूक खटकन बसला, आणि पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी तेन काटेबाईंनी एकेचाळीस नंबरपुढे बरोबरची खूण केली. मला म्हणाल्या, "नऊ मिनिटं. यंदा उशीर."

कंपनीला मी तीन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, चावी सुरक्षित जागी ठेवावी.

आता ऑगस्ट आहे. सदुसष्टवरून तळं दिसत नाही, पण पाणी सोडल्याचा आवाज दिवसभर येतो. आज सकाळी एकेचाळीसवर कॉफीला गेलो. रूल्फीन तिच्या उन्हात बसली होती, बाजूला वीबे, दोघं पाण्याकडे बघत.

"तुझी तब्येत काय म्हणते, वीबे?" मी विचारलं.

"उत्तम," वीबे म्हणाला.

गेसिनाने डबा आणला. मी एक बिस्किट घेतलं. दुसऱ्यासाठी हात पुढे केला, तोवर राणी मिटली होती.