कोहळा राहिला, टायर गेला

शंभूरावांच्या घराण्यात कोहळा आपटत नसत. खंडेनवमीला सगळं म्हैसूर गाडीपुढे कोहळा आपटून फोडतं, चाकांखाली लिंबं ठेवतं आणि पेढे वाटून मोकळं होतं. जयलक्ष्मीपुरमच्या शंभूरावांकडे मात्र कोहळा तलवारीनं कापायचा, तोही एका घावात. कारण त्यांचे मूळपुरुष रणोजीराव म्हैसूरच्या घोडदळात होते. त्यांनी कोणती लढाई गाजवली हे दर पिढीला थोडं बदलत आलं होतं, पण तलवार तीच होती. शंभूरावांनी स्वतः हयातभर वीजखात्यात मीटरच्या तक्रारी निवारल्या. तरी नवमीच्या सकाळी डोक्याला जरीचा रुमाल बांधून ते अंगणात उभे राहिले, की शेजाऱ्यांना वाटे, हा माणूस आता श्रीरंगपट्टणावर चाल करून जाणार.

यंदा पूजेला मुलाची, रक्षितची, गाडी होती. इंजिनाचा जोर चारही चाकांना पोचवणारी. जाहिरातीत ही गाडी बर्फातून, वाळूतून, नदीतून जात असे. रक्षित तिच्यातून शेजारच्या गोकुलमला कॉफी प्यायला जात असे. वाटेत एक गतिरोधक लागायचा, तेवढाच काय तो डोंगर.

"अप्पा, यंदा मी कापू?" रक्षितनं विचारलं.

"का? मी मेलो काय?"

रक्षित चाकाजवळ नको म्हणत असतानाच शंभूरावांनी कोहळा पुढच्या चाकाला टेकवून ठेवला, देवीचं नाव घेतलं आणि तलवार हाणली. कोहळा गोल, तो सरकला. तलवार आदल्याच दिवशी धार लावून आणलेली, ती कशाला सरकते? ती टायरच्या कुशीत शिरली आणि एवढी मोठी गाडी फुस्स करून एका अंगाला कलली. रणोजीरावांच्या मागं त्या तलवारीनं कोहळ्याशिवाय काही कापल्याची घराण्यात ही पहिलीच नोंद.

शंभूरावांनी डोळे मिटून घेतले. आता रक्षित घर डोक्यावर घेणार. गाडीच्या काचेवर बोटाचा ठसा उमटला तरी आकाशपाताळ एक करणारा मुलगा तो. आणि त्यांची बायको तुंगाबाई त्याच्यावर ताण. लग्नापासून आजवर तिनं नवऱ्याची एकही चूक पोटात घातली नव्हती.

पण रक्षित जवळ आला, त्यांच्या हातातून तलवार हलकेच काढून घेतली आणि म्हणाला, "परवागिल्ल अप्पा, चालतंय. होतंय असं. तुम्हाला लागलं नाही न्हवं?"

"या, सावलीला बसा," तुंगाबाई म्हणाल्या. "कॉफी देते थोडी."

या आवाजात त्या घरात फक्त शंभूरावांच्या वडिलांशी बोललं गेलं होतं, तेही त्यांच्या शेवटच्या आजारपणात.

दसऱ्याच्या सुट्टीत दुकानं बंद. गाडी एका पायानं लंगडी होऊन अंगणात उभी, आणि शंभूराव तिच्याहून केविलवाणे. त्यांनी चाचपून पाहिलं. मुद्दाम रिकाम्या खोलीतला पंखा चालू ठेवला. तुंगाबाईंनी येऊन तो गुपचूप बंद केला. कॉफी पाणचट झालीय म्हणून कुरकुरले, तर दुसरी आली. तलवार कुठं ठेवली म्हणून विचारलं, तर रक्षित म्हणाला, "आहे अप्पा, जपून ठेवलीय." लहान मुलापासून काडेपेटी लपवावी तसं. भांडायला माणूस समोर उभा असतो, तेव्हा त्याचा त्रास होतो. समोरून कुणी भांडेनासंच झालं, तेव्हा शंभूरावांचं धाबं दणाणलं.

मग रक्षितनं जाहीर केलं, की टायर चार घ्यावे लागतील.

"फाटला एक, चार कशाला?" शंभूरावांना उमेद वाटली. "स्टेपनी लाव, एक नवा घाल, आयतु, झालं!"

"तसं चालत नाही अप्पा. नवा टायर जुन्या तिघांपेक्षा किंचित उंच. तो कमी फिरणार, हे जास्त. चारी चाकं आतून एकाला एक जोडलेली. सारखा फरक पडत राहिला, तर आतले गिअर तापून जळतात."

म्हणजे एका घरात कुणी गेलं की साऱ्या भाऊबंदांना सुतक, असं शंभूरावांनी समजून घेतलं.

"म्हणजे माझ्या एका घावात चार गेले!" त्यांनी मुद्दाम डिवचलं.

"छे, ते तीन झिजलेच होते. बदलायचेच होते."

हे धडधडीत खोटं होतं. टायर गेल्याच वर्षीचे होते, आणि रक्षित त्यांना रविवारी मऊ फडक्यानं पुसत असे. मुलगा आपलं मन राखायला खोटं बोलतोय, हे कळलं आणि शंभूरावांच्या घशाखाली जेवण उतरेना.

स्टेपनी लावून दोघं जगन्नाथरावांच्या टायरच्या दुकानात गेले. जगन्नाथराव इथल्या मराठी समाजातलेच, घरोबा जुना. त्यांनी फाटलेला टायर फिरवून पाहिला.

"साइड कट. हा जोडत नाही. कशानं झालं रे?"

"वरुणा गावाकडं गेलतो काका," रक्षित म्हणाला. "उसाच्या शेतात, कच्च्या वाटेनं. दगड लागला."

दुकानातली चारदोन गिऱ्हाइकं गाडीकडे आदरानं बघू लागली. रक्षितची मान किंचित ताठ झाली. शंभूरावांना मात्र ते असह्य झालं. आपलं नाव एवढ्यातच पुसलं, आणि घाव दगडाच्या नावावर लावला!

"दगडबिगड काही न्हाई!" ते गरजले. "मी कापला! तरवारीनं! घरच्या अंगणात, उभ्या गाडीचा!"

जगन्नाथराव असे हसले, की त्यांना टायरच्या ढिगाचा आधार घ्यावा लागला. "अरे, बन्नी, नोडी, या, बघा! रणोजीरावांच्या वंशानं काय घाव घातलाय!" गिऱ्हाइकं टायरभोवती जमली. कुणी फोटो काढला. कुणी रक्षितला विचारलं, "म्हणजे शेतात गेलाच नव्हता काय सर?"

रक्षितचा चेहरा लालबुंद झाला, आणि इतक्या दिवसांचा बांध फुटला.

"अप्पा! जरा तरी बुद्धी आहे काय तुम्हाला? मी बोललो होतो, कोहळा चाकाजवळ ठेवू नका! ऐकता काय कुणाचं? जन्मात ऐकलंय? चार टायर गेले माझे, चार! वर्षाचेसुद्धा झाले नव्हते! आणि वर चारचौघांत सांगत बसता!"

"आवाज खाली कर," शंभूराव म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू गेला. "बापाशी बोलतोयस!"

चारही टायर बसेपर्यंत ते भांडले. मराठीत सुरू झालेलं भांडण कन्नडात गेलं आणि परत आलं. शंभूरावांना भूक लागल्याचं जाणवलं.

परतताना सिग्नलला गाडी थांबली, तसा रक्षित समोर बघतच खेकसला, "पुढच्या वर्षी कोहळा मी ठेवणार. गेटजवळ. कळ्ळं काय?"

"आणि कापणार कोण?" शंभूरावांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच की! आणि कोण कापणार? सुम्ने, उगीच डोकं खाऊ नका!"

"मग पहिल्याच दिवशी बोंबलायचं होतंस असं," शंभूराव म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले.