अकरा टिकल्यांचा भोंगा

मित्रांनो, मी पेटी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली पस्तीस वर्षं नागपुरात सगळे मला पेटीच म्हणत आले आणि मी मुकाट्यानं ऐकून घेत आलो. मी एक जुना सिंथेसायझर आहे. पेटीत हवा असते, माझ्यात वीज असते. ती तारांतून फिरते, तिचा सूर होतो, आणि माझ्या अंगावरची अकरा गोल बटणं त्या सुराला जाड, बारीक, गोड, कर्कश, हवं ते रूप देतात. नव्या यंत्रांना आवाज लक्षात ठेवता येतो. मला नाही. बटण हललं की आवाज गेला. शिवाय एका वेळी माझ्यातून एकच सूर निघतो. तुम्ही चार पट्ट्या दाबा, मी आपला एकच गाणार!

माझा जन्म जपानच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी काळा कुळकुळीत होतो, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या होत्या, काय तो रुबाब! मुंबईच्या एका वादकाकडे काही वर्षं काढून मी नागपूरला आलो, तो लहानूभाऊंच्या घरी. लहानूभाऊंची भीमगीतांची गायन पार्टी होती. ढोलक, बेंजो, खंजिरी, आणि आता मी. सुरुवातीला कुणाला माझ्याशी कसं वागायचं तेच कळेना. एकानं तर मला भाता कुठे आहे म्हणून उलटं करून पाहिलं.

पार्टीत धम्मानंद नावाचा एक तरुण होता. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तो टर्बाइनवर कामाला होता. तो एकदा म्हणाला, "लहानूभाऊ, याच्यातून आपला पाळीचा भोंगा काढून दाखवू का?"

"काढ बरं," लहानूभाऊ हसले. "पाहू तुही कलाकारी!"

धम्मानंदनं तीन रविवार माझ्यासमोर घालवले. चौथ्या रविवारी माझ्या पोटातून असा आवाज निघाला की शेजारचे दोघं जण पाळीला जायला डबा घेऊन बाहेर आले! आधी जमिनीतून आल्यासारखी खोल घरघर, मग ती चढत चढत वर, आणि शेवटी लांबच लांब हाक. पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी बटणं हलवली आणि भोंगा गायब. धम्मानंद डोकं धरून बसला. त्याची नवी नवरी वच्छला हे पाहत होती.

"एवढं डोकं काहून खाजवता?" ती म्हणाली. "पुन्हा आवाज सापडला की जिथं बटन थांबलं तिथं टिकली लावा."

भोंगा पुन्हा सापडला, तसं तिनं आपलं टिकल्यांचं पाकीट आणलं. प्रत्येक बटणावर एक पांढरी रेघ असते. ती जिथे थांबली होती तिथे, बटणाशेजारी माझ्या अंगावर, वच्छलानं एकेक लाल टिकली चिकटवली. अकरा बटणं, अकरा टिकल्या. पुढे रेघ टिकलीसमोर आणली की भोंगा हजर. कार्यक्रम आमचा भोंग्यानंच सुरू व्हायचा. वस्त्यावस्त्यांत लोक ओळखायचे, "चला वं, लहानूभाऊची पार्टी आली!" मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे.

मग लहानूभाऊ थकले, पार्टी मोडली. टर्बाइनच्या आवाजानं धम्मानंदचे कान हळूहळू गेले. मला त्यानं वीज केंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये खिडकीखाली ठेवलं. ती खिडकी उन्हाची, म्हणून वच्छला कैरीच्या मुरंब्याची बरणी माझ्या पट्ट्यांवर ठेवायची. पंधरा उन्हाळे मी मुरंबा सांभाळला, मुरंबा! उन्हानं माझं काळं अंग राखाडी झालं. पट्ट्यांत मुंग्या फिरल्या. माझ्याकडे कुणी बघेना, आणि मला वाटलं, संपलं आपलं.

पण धम्मानंद निवृत्त झाला, घर नागपुरातच हुडकेश्वरला आलं, आणि त्यांची मुलगी मोनाली मोठी झाली. या पोरीनं मागच्या खोलीत यंत्रांचा संसार मांडला. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या, टेबलावर ताल वाजवणारा एक डबा ठेवला, पडद्यावर रंगीत दिवे नाचवणारा एक नवा सिंथेसायझर आणला. मग तिनं मला खोललं, मुंग्यांना निरोप दिला, एकेक पट्टी पुसली आणि वायरींनी मला त्या दोघांशी जोडलं. रेकॉर्डिंग करताना कूलर बंद ठेवावा लागतो, नाहीतर त्याचीच घरघर गाण्यात येते. भर मे महिन्यात ती घामानं निथळत वाजवायची आणि आम्ही तिघं यंत्रं तापून तिला साथ द्यायचो. त्या नव्याला आधी मला पाहून नाक मुरडायची सवय होती. माझा भोंगा ऐकल्यावर ती मोडली.

मोनालीला एका सभागृहात कार्यक्रम मिळाला. सगळं हातानं, यंत्रांवर, लोकांसमोर वाजवायचं होतं. तिनं एकच हट्ट धरला, बाबांनी यायचं. धम्मानंद सहा वर्षांत कुठल्याच गाण्याच्या कार्यक्रमाला गेला नव्हता.

"मी येऊन काय करू?" तो म्हणाला. "लोकायचे हात हलताना पाहू?"

मोनालीनं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'भोंगा वाजवणार आहे.'

धम्मानंदनं तो कागद दोनदा वाचला. "भोंगा वाजवशील त येतो. तो कानानं ऐका लागत नाही. पायातून येते."

कार्यक्रमाला दोन दिवस उरले. लेक पहिल्यांदा स्टेजवर जाणार, तिचं सामान लख्ख दिसलं पाहिजे, असं वच्छलाला वाटलं. तिनं खोबरेल तेल घेतलं. जुनाट, मळकट टिकल्यांना तेल लावून एकेक अलगद सोडवली. बटणं गरागरा फिरवून त्यांच्या खालची धूळ काढली. मी आतल्या आत ओरडत होतो, पण वायर काढलेली! आणि ती तर किती मायेनं पुसत होती. तिला वाटलं, नवीन यंत्रं आली, पोरगी शिकलेली, आता टिकल्यांचं काय काम?

मोनाली बाहेरून आली आणि दारातच थबकली.

"आई, टिकल्या कुठं आहेत वं?"

"कचऱ्यात. काहून? पाह्य कसा चमकून राहिला तो!"

मोनालीनं धावत येऊन माझ्या बटणांवरून बोट फिरवलं, "आता भोंगा कसा लावू?" मग वच्छलाच्या लक्षात आलं आणि तिचा हात तोंडावर गेला. मोबाईलमधले फोटो धुंडाळले, तर प्रत्येक फोटोत बटणांवर मोनालीचाच हात. मोबाईलवर रेकॉर्ड केलेला भोंगा लावला, तर तो डासासारखा गुणगुणला. ती संध्याकाळ आणि दुसरी अख्खी सकाळ मोनालीनं बटणं फिरवली. भोंगा येईना. धम्मानंदनं दोघींचे चेहरे पाहिले आणि काय ते समजला.

"जाऊ दे वं," तो म्हणाला. "माणूस विसरते, यंत्राचं काय. तू वाजव. मी घरीच राहतो." आणि इस्त्री करून ठेवलेला सदरा त्यानं परत कपाटात ठेवला.

वच्छला जेवली नाही. दुपारी चारला ती माझ्यासमोर येऊन बसली आणि रडत मला हात लावू लागली. खिडकीतून तिरपं ऊन माझ्या अंगावर पडलं होतं. एकदम तिचं बोट थांबलं.

"मोनाली! इकडं ये वं, लवकर! हे पाह्य!"

पंधरा वर्षांच्या उन्हानं माझं सगळं अंग राखाडी झालं होतं, पण टिकल्यांखालची जागा उन्हाला दिसलीच नव्हती. तिथे मी जन्मलो तेव्हाइतकाच काळा होतो! बटणांभोवती इवलेसे गोल काळे ठिपके. मोनालीनं आईला अशी मिठी मारली की दोघी माझ्यावरच पडल्या असत्या.

दहा बटणं पटापट जागेवर आली. अकरावं मात्र हटून बसलं. ते बटण आवाज गाळतं, आणि ऊन-थंडी पाहून त्याची टिकली पार्टीनं इतक्यांदा हलवली होती, आणि मागे राहिलेल्या गोंदानंही ऊन असं अडवलं होतं, की तिथे ठिपका नव्हे, कांजण्या उठल्या होत्या. तेव्हा मोनाली बाबांना हाताला धरून घेऊन आली. धम्मानंदनं माझ्या लाकडी फळीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"खाली घे... अजून खाली... नाही वं, एवढं नाही. वर... बस! बस, बस!"

स्वयंपाकघरातली भांडी थरथरू लागली. धम्मानंदनं डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. वच्छलानं नवं पाकीट फोडलं. त्यात दहाच टिकल्या निघाल्या. तिनं अकरावी आपल्या कपाळावरची काढून लावली.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात धम्मानंद, आणि त्याच्या बाजूला वीज केंद्रातले त्याचे चार जुने सोबती. दिवे मंद झाले. मोनालीनं माझी एक पट्टी दाबली.

मित्रांनो, मी असा गरजलो! फरशी घुमली, खुर्च्या घुमल्या. सोबत्यांपैकी एकानं घाबरून मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि ओरडला, "अबे, पाळी बदलली!" सगळं सभागृह हसलं, आणि त्या हसण्यावरच मोनालीनं ताल सोडला, नव्या सिंथेसायझरनं सुरांची लड उलगडली. मी खालून सगळ्यांना उचलून धरलं. धम्मानंद पुढे झाला, स्टेजच्या लाकडी फळ्यांवर त्यानं दोन्ही तळहात टेकवले आणि गाणं संपेपर्यंत उचलले नाहीत. टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू उन्हात टाकू नका, त्यांच्यावर बरण्या ठेवू नका. पुसा, जरूर पुसा, आम्हालाही चमकायला आवडतं. पण कुणी काही चिकटवून ठेवलं असेल, तर ते काहून चिकटवलं हे आधी घरात विचारा. एवढंच मागणं आहे.

बाकी मला आता काही नको. कारण त्या संध्याकाळी सामान बांधताना धम्मानंद जवळ आला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि मोनालीला विचारलं, "पुढचा प्रोग्राम कधी आहे वं आपला?"